साडूभाऊंच्या पेन्सिली

४ फेब्रुवारी

आज ड्रॉइंगच्या खोलीत पहिला दिवस. माझं वय चव्वेचाळीस. बावीस वर्षं खाली शेडमध्ये फिटर होतो, टाक्या उभ्या केल्या, आणि आज मला सरळ रेघ कशी मारायची ते शिकवलं गेलं.

शिकवणारा कोण, तर माझा साडू. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. कारखान्यात सगळे त्याला मास्तर म्हणतात. मी साडूभाऊ म्हणतो, कारण म्हणावं लागतं. माझ्या मणक्यातली चकती सरकली, डॉक्टरांनी वजन उचलायला कायमची बंदी केली, आणि मालक मला घरी बसवणार हे दिसायला लागलं, तेव्हा बायको मला न विचारता बहिणीकडे गेली. आठ दिवसांत निरोप आला, 'वर पाठवा त्यांना.' असं ताटात वाढलेलं मला कधीच गोड लागलेलं नाही.

घरी जेवायला आला की हाच माणूस मला 'अहो, घ्या ना आणखी' करतो. आज दार उघडल्याबरोबर म्हणाला, "आलास? ते टेबल तुझं. खिडकीजवळचं माझं." खिडकीजवळ दोन टेबलं सहज मावतात. माझं त्याने मागे भिंतीला लावलंय.

मग तीन पेन्सिली पुढ्यात टाकल्या. "ही टूएच. कडक. कच्च्या रेघा हिने, इतक्या फिकट की पुसल्या नाहीत तरी चालेल. ही एच, पक्क्या रेघांना. ही एचबी, आकड्यांना आणि अक्षरांना. उलटापालट केलीस तर कागद फाडून टाकीन."

"आणि तुमच्या हातात कुठली आहे?" मी विचारलं.

त्याच्या हातात जाडजूड टूबी होती. मऊ शिशाची, काळीकुट्ट. मनगटापर्यंत हात माखलेला.

"माझं माझ्यापाशी," तो म्हणाला.

असा माणूस. दुसऱ्याला नियम, आणि स्वतः काजळाने रेघा ओढणार.

८ फेब्रुवारी

चार दिवस नुसती टोकं काढतोय. रेघेच्या पेन्सिलीचं टोक छिन्नीसारखं चपटं, म्हणजे रेघ शेवटपर्यंत एकाच जाडीची जाते. अक्षरांच्या पेन्सिलीचं सुईसारखं. ब्लेडने लाकूड सोलायचं, मग शिसं पॉलिश पेपरवर घासायचं. मी ढीगभर छिन्न्यांना धार लावलेली आहे. मला टोक म्हणजे काय ते सांगतोय.

सगळ्यात संताप कशाचा येतो, तर तो बघतसुद्धा नाही. पेन्सिल घेतो, टोकावरून अंगठा फिरवतो आणि तोंड खिडकीकडे ठेवून म्हणतो, "परत कर." माझ्या कामाकडे नजर टाकण्याचीही माझी लायकी नाही असं समजतो.

१३ फेब्रुवारी

वर्तुळ आणि षटकोन. कंपास त्रिज्येइतकाच उघडा ठेवायचा आणि परिघावर फिरत फिरत सहा खुणा टाकायच्या. सहावी खूण सुरुवातीच्या बिंदूवर बरोबर येऊन बसली पाहिजे. मी हे पत्र्यावर सुतळी आणि खडूने हजारदा केलंय. पण पत्र्यावर खडूची रेघच दोन मिलिमीटरची असते, तिच्यात सगळं खपून जातं. इथे टूएचची केसासारखी रेघ, आणि माझी सहावी खूण त्या बिंदूपासून केसभर लांब राहिली.

वाटलं, दिसायचं नाही त्याला. त्याने कागद जवळ ओढला, परिघावरून नख फिरवत आला, आणि नेमका तिथे थांबला.

"इथे उघडं राहिलंय."

"केसभर तर आहे."

"झाकणातून गळायला केसभर पुरतं. नवा कागद घे."

असे सात कागद. दुपारी डबा खायला गोदामामागच्या लोखंडी जिन्यावर बसलो (ही वहीपण इथेच बसून लिहितो), तर बोटं आखडलेली. घास तुटेना.

२० फेब्रुवारी

नवीन छळ. रोज सकाळी मी त्याच्यामागे उभं राहून जुन्या ड्रॉइंगवरची सगळी मापं मोठ्याने वाचायची. तो ऐकत ऐकत नवीन कागदावर काढत जाणार. "उजळणी होते तुझी," म्हणतो. शाळेतल्या पोरासारखा मी ओरडतोय, 'बाहेरचा व्यास पाचशे चाळीस, जाडी बारा, भोकं आठ.' खिडकी उघडी, आवाज सरळ खाली शेडमध्ये.

आज लंबू भेटला. लंबू म्हणजे माझा जोडीदार फिटर. बावीसातली अठरा वर्षं आम्ही एकाच टाकीच्या दोन बाजूंना काढली. म्हणाला, "काय रे, तुला खाली मास्तरांचा पोपट म्हणतात, माहितेय ना?" आणि पोट धरून हसला. मग माझा चेहरा बघून म्हणाला, "अरे, चेष्टा केली. वर आपला एक माणूस बसलाय याचं बरं वाटतं आम्हाला."

मला काही बरं वाटलं नाही.

२५ फेब्रुवारी

काल सुट्टी. बायको आणि मी भाजी घेऊन येत होतो, समोरून साडूभाऊ. दोन हातांवर. बायको हसून थांबली, "भाऊजी!" म्हणाली, आणि हा गर्दीत सरळ पुढे निघून गेला. मागून थोरली मेव्हणी धावत आली, त्याचा दंड धरला, आमच्याकडे बघून कसंनुसं हसली आणि त्याला वळवून घेऊन गेली.

मी म्हणालो, "बघितलंस? आता रस्त्यात ओळखही देत नाही."

"जाऊ द्या हो," बायको म्हणाली, आणि घरापर्यंत एक शब्द बोलली नाही. तिलाही लागलं असणार. पण बहिणीच्या नवऱ्याविरुद्ध बोलायची हिंमत नाही.

आणि हल्ली मेव्हणी त्याला रोज गेटपर्यंत सोडायला येते, संध्याकाळी न्यायला येते. पन्नाशी उलटलेला माणूस, बायकोच्या पदराला धरून कामावर येतो, आणि वर येऊन माझ्यावर गुरगुरतो.

२ मार्च

वर्तुळाचे आठ समान भाग. काटकोनात दोन व्यास, मग पंचेचाळीसचा गुण्या लावून आणखी दोन. एका दमात जमलं. त्याने नख फिरवलं, सगळी आठही टोकं चाचपली.

"जमलं," म्हणाला. "हात चांगला आहे तुझा."

महिन्याभरात पहिल्यांदा. मी वाट बघत होतो की पुढे काहीतरी टोमणा येईल. आला नाही. त्यामुळे उलट जास्त बेचैन झालो. हा माणूस उगाच गोड बोलणारा नाही.

७ मार्च

आज जे झालं ते मी विसरणार नाही.

मालक वर आला होता. एका गिऱ्हाइकाच्या जुन्या टाकीला नवं, जाड झाकण हवंय, त्याचं ड्रॉइंग लवकर द्या म्हणून सांगायला. मी टेबलाच्या कोपऱ्यावर चहाचा कप ठेवला होता. चांगला समोर, दिसेल असा. साडूभाऊंनी मालकाला त्या टाकीचा जुना नकाशा, म्हणजे ड्रॉइंग, दाखवायला हात लांब केला, आणि कप उलटला. चहा नकाशावर, मालकाच्या विजारीवर.

आणि हा माझ्यावर ओरडला. मालकासमोर. "डोळे फुटले का तुझे? कुठे काय ठेवावं कळत नाही?"

मी कप उचलला, फरशी पुसली. पाठ वाकत नाही म्हणून गुडघ्यांवर बसून पुसली. मालक खाली बघत होता. खालून दोघे-तिघे मान वर करून बघत होते.

डोळे फुटले का म्हणे.

१० मार्च

झाकणाचं ड्रॉइंग आज झालं.

सकाळी त्याने नेहमीसारखं म्हटलं, "चल, वाच." मी म्हणालो, "घसा बसलाय." खोटंच. मग चहाचे डाग पडलेला तो जुना नकाशा स्वतःच घेतला, खिडकीच्या काचेला लावला, नाक टेकेल इतका जवळ गेला, आणि एकेक माप उतरवून घेत बसला. नाटकी माणूस. मी मुद्दाम पेन्सिली घासत बसलो.

दुपारी त्याने मला कागद दिला. "बघ एकदा नीट."

मी बघितला. काळ्या टूबीने काढलेलं, पण रेघेला रेघ भिडलेली, हे कबूल करायलाच हवं. आणि भोकांच्या वर्तुळाचा व्यास त्याने लिहिला होता चारशे शहाऐंशी.

चारशे ऐंशी असतो. ह्या टाकीचं तोंड लंबूने आणि मी बनवलंय, अशी चाळीस तरी बनवली असतील. मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन, चारशे ऐंशी. जुन्या नकाशातल्या शून्याला चहाचा ओघळ चिकटलाय, त्याचा ह्याने सहा केला.

"बरोबर आहे ना?" त्याने विचारलं.

मी म्हणालो, "तुम्ही काढलंय म्हणजे बरोबरच असणार."

"बघितलंस ना नीट?"

"बघितलं."

त्याने ड्रॉइंगवर सही केली. सही करताना कोपऱ्यातली चौकट बोटाने शोधत होता.

होऊ दे. झाकण बसणार नाही, परत येईल, मालक विचारेल, मास्तर, हे काय? एकदा त्यालाही खाली मान घालू दे सगळ्यांसमोर. जास्त काही नको मला.

१३ मार्च

ड्रॉइंग बाहेरच्या लेथवाल्याकडे गेलं. अजून सांगता येईल. सांगावं का? आज दोनदा तोंड उघडलं. दुसऱ्यांदा त्याने माझा कागद न बघताच बाजूला सारला, आणि मी तोंड मिटलं.

माल फुकट जाईल, त्याचं थोडं वाटतं. पण झाकण परत भोकं पाडून वापरता येईल.

१८ मार्च

लंबूची दोन बोटं गेली.

झाकण सकाळी आलं. चेन-पुलीने उचलून टाकीवर ठेवलं. एका बाजूचे दोन बोल्ट उतरले, बाकीची भोकं जुळेनात. तीन-तीन मिलिमीटरचा फरक. पहार घालून सरकवायला लागले. लंबूने भोक कुठवर आलंय ते चाचपायला खालून हात घातला, आणि पहार सटकली.

मी खिडकीतून ओरडणं ऐकलं. लंबूचा आवाज मी अठरा वर्षं ऐकतोय, पण तो आवाज ओळखू आला नाही. खाली गेलो तेव्हा त्याला गाडीत घालत होते. उजवा हात. मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं.

साडूभाऊ जिन्याच्या कठड्याला धरून उभा होता. "कोण आहे? कोणाला लागलंय?" असं सारखं विचारत होता. समोर तर चाललं होतं सगळं.

१९ मार्च

आज बायकोने सांगितलं. मी म्हणालो, तुझ्या भाऊजींनी लंबूची बोटं घेतली. ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "त्यांना दिसत नाही हो."

दीड वर्ष झालं. मधोमध काळा डाग पडल्यासारखं, कडेचं तेवढं दिसतं. औषध नाही. मेव्हणीला माहीत, माझ्या बायकोला माहीत. मला नाही. तुम्ही बोलून जाल, म्हणाली. मुलगी शिकतेय, तिचं होईपर्यंत कसंतरी रेटायचं होतं त्यांना. जागेवर विश्वासाचा माणूस हवा होता, आणि तेवढ्यात माझी पाठ गेली.

"म्हणजे मला नोकरी नाही दिली त्याने," मी म्हणालो. "चष्मा लावून घेतला."

"दोन्ही असू शकतं ना?"

मी ताट सरकवलं. सगळ्यांनी मिळून मला बनवलं. सांगितलं असतं तर? तर काय, हे मी सकाळपासून विचारतोय स्वतःला. सांगितलं असतं तर बोललो असतो, असं लिहावंसं वाटतं. लिहीत नाही.

तिने मग विचारलं, "ड्रॉइंग तुम्ही बघितलं होतं का?"

"नाही," मी म्हणालो.

२१ मार्च

साडूभाऊंनी मालकाला स्वतःच सांगून टाकलं. चूक माझी, मला दिसत नाही, दीड वर्ष लपवलं. एकोणतीस वर्षांची नोकरी, महिनाअखेर बंद. मालकाने मला बोलावून सांगितलं, एक तारखेपासून खिडकीजवळचं टेबल तुझं.

खाली शेडमध्ये सगळं उलटंच झालंय. ज्याला शिव्या पडायला हव्यात, त्याच्याबद्दल सगळे हळहळतायत. "बिचारे मास्तर." वेल्डर तर डोळे पुसत होता. दीड वर्ष सगळ्यांना फसवलं तो बिचारा, आणि मी कोण? मला ते ऐकवेना. तो असा मोठा होऊन जाणार आणि मी त्याच्या उपकाराच्या टेबलावर बसणार, हे मला चालणार नाही.

उद्या मालकाला लिहून देतो. मला दिसलं होतं म्हणून. जे व्हायचं ते होवो.

२२ मार्च

लिहून दिलं. चार ओळी. मालकाने वाचलं, परत वाचलं, आणि साडूभाऊंना खाली बोलावून घेतलं. त्याला न्यायला आलेली मेव्हणीच त्याला जिन्यावरून घेऊन आली आणि दाराशी थांबली.

मालकाने कागद मोठ्याने वाचून दाखवला. मग मला म्हणाला, "दिसलं होतं तर बोलला का नाहीस?"

"राग होता."

"राग! अरे, माणसाचा हात गेला."

मी काही बोलायच्या आत साडूभाऊ हसला. खरंच हसला, खुर्चीला टेकून. "साहेब, तुम्ही ह्याचं काय मनावर घेताय? ह्याला अजून वर्तुळाचे धड आठ भाग पाडता येत नाहीत. हा माझी चूक पकडणार? घरून सांगितलं असेल, साडूला वाचव. निघाला मोठेपणा करायला."

"मला येतात आठ भाग," मी म्हणालो.

"गप्प बस. दोन महिने झाले नाहीत पेन्सिल धरून. साहेब, हात बरा आहे ह्याचा, पण नजर तयार व्हायला वर्ष लागतं. ह्याला सहा आठवड्यांत दिसायला लागलं असेल, तर मी एकोणतीस वर्षं काय गवत कापलं? ह्याला टेबल द्या, वर्षभर कान पिळत राहा, होईल तयार. हे कागदबिगद फाडून टाका."

मालकाने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. मग कागद माझ्याकडे सरकवला. "घेऊन जा हे. आणि पुन्हा असला शहाणपणा करू नकोस."

जाता जातासुद्धा माझा पाणउतारा केला. मालकासमोर, मेव्हणीसमोर. आयुष्यात एकदा मी खरं बोलायला गेलो, आणि हा म्हणतो ह्याला तेवढीही अक्कल नाही. दोन मार्चला स्वतः नख फिरवून 'जमलं' म्हणाला होता. ह्याच वहीत आहे, पान उलटून पाहिलं मी. आंधळा झाला तरी माज काही उतरला नाही.

बाहेर मी त्याला गाठलं. "खोटं का बोललात?"

"घरी जा," तो म्हणाला. "बायको वाट बघत असेल."

बायकोला सगळं सांगितलं, म्हणजे अपमानाचं, आणि मग कागदात काय लिहिलं होतं तेही. 'नाही' म्हणालो होतो ते खोटं होतं, हेही. "भाऊजी असं म्हणाले? आठ भाग येत नाहीत म्हणाले?" दोनदा विचारलं. मग उठली, चपला घातल्या. कुठे, तर "ताईकडे जाऊन येते." डोळे भरले होते. बहीण ती, बहिणीचीच बाजू घेणार.

२६ मार्च

आज लंबूला घरी सोडणार होते. मी हॉस्पिटलमध्ये गेलो. खाटेच्या कडेला बसून तो डाव्या हाताने सदरा चढवत होता. उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी.

त्याला तरी खरं सांगायचं ठरवून गेलो होतो. सांगितलं. मालकाला लिहून दिलं होतं, पण मास्तरांनी हसण्यावारी नेलं, तेही सांगितलं.

मला वाटलं, हाही म्हणेल, काहीतरीच काय.

"चारशे ऐंशी," लंबू म्हणाला. "तुला दिसलं नाही, यावर मालक विश्वास ठेवील. मी कसा ठेवू? ते तोंड आपण दोघांनी बनवलंय."

मी मान हलवली.

"खाली सगळे सांगत होते, लंबू, ड्रॉइंग चुकलंय, झाकण परत पाठव," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "मीच ऐकलं नाही. म्हटलं, वर आपला माणूस बसलाय. ह्या टाकीचं ड्रॉइंग त्याच्या नजरेखालून गेलंय, ते चुकणार नाही. टाकीच कुठेतरी वाकली असेल. म्हणून हात घातला मी."

खोलीत पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा खोकत होता. नर्स येऊन औषधांची चिठ्ठी ठेवून गेली.

लंबू सदऱ्याची बटणं लावायला लागला. डावा हात, सवय नाही. पहिलं बटण भोकाच्या कडेला जाऊन परत येत होतं. मी पुढे झालो.

"हात लावू नकोस," तो म्हणाला.

मी मागे सरलो आणि उभा राहिलो. पाच बटणं होती. किती वेळ लागला ते इथे लिहीत नाही. त्याने एकदाही वर पाहिलं नाही, आणि मला जा असंही म्हणाला नाही.